उताऱ्याबाहेरची मालमत्ता
‘गावगाडा’, ‘धग’ आणि ‘बारोमास’ यांचे एक वाचन

खेड्यातील मालमत्ता म्हटली की सातबाराचा उतारा डोळ्यांसमोर येतो. कोणाच्या नावे किती हेक्टर, किती आर, कोणत्या बँकेचा वा सोसायटीचा बोजा, एवढे त्या कागदावर वाचता येते. आणि गावातील बहुतेक सोयरिकी, कर्जे व भाऊबंदकी त्याच कागदाच्या आधाराने चालतात. तथापि वावरातून पीक निघते तेव्हा त्यावर जितक्या माणसांची आशा असते तितकी नावे उताऱ्यावर कधीच नसतात. राबणारी सून, वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार, सोंगणी झाल्यावर सरवा वेचणारी म्हातारी, धुऱ्यावरचे गवत कापून नेणारा शेळीवाला, ही सारी त्या वावरावर जगतात; पण तलाठ्याच्या दप्तरात त्यांना जागा नाही. दप्तरात जे मावत नाही ते साहित्याने नोंदवावे, अशी अपेक्षा करण्यास हरकत नसावी. म्हणून ग्रामजीवनावरील तीन मराठी पुस्तके आम्ही येथे एकाच कसोटीवर पारखणार आहोत: ज्याच्या नावे जमीन नाही त्याचा जमिनीवर जो दावा आहे, तो लेखकाने हक्क म्हणून पाहिला, ओझे म्हणून पाहिला, की पाहिलाच नाही?

हा प्रश्न आम्ही धाडच्या शिवाराकडे पाहून विचारीत आहोत. बुलढाणा जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, जालना जिल्ह्याच्या सीमेलगत असलेले हे घाटावरचे गाव. येथील शेताच्या मालकीला एक इतिहास आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६० नंतरच्या दशकात तेथे मुंबई इलाख्यातील रयतवारीच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. शेताला क्रमांक मिळाला, क्रमांकापुढे कब्जेदाराचे नाव लागले. ती जमीन वारसाने मिळू लागली, तशीच ती गहाण टाकता व विकताही येऊ लागली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला बाजारात किंमत आली. ज्या कागदाने कुणब्याला मालक केले त्याच कागदाने सावकाराला त्याच्या ओसरीपर्यंत आणले. सीमेपलीकडचा भोकरदनचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. माती एक, बोली जवळजवळ एक, पाऊस एक. पण मालकीची कागदपत्रे दोन राज्यांची. मालमत्ता ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून राज्य, बाजार आणि रूढी यांनी मिळून घडवलेली व्यवस्था आहे, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातले. नगरकडील खेडी त्यांनी कामानिमित्त जवळून पाहिली होती. गावची काळी आणि पांढरी, वतने, कारू-नारू, फिरस्ते यांचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते. या ग्रंथाचे थोरपण असे, की खळ्यावरच्या राशीला किती हात लागतात याची मोजदाद त्यात आहे. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट, गुरव, कोणी वर्षभराच्या कामाचे बलुते नेतो, कोणी धर्माच्या नावाने, तर कोणी नुसता दारी आला म्हणून. मालकी एकाची असली तरी पीक एकट्याचे नव्हते, ही गोष्ट आत्रे निर्विवाद सिद्ध करतात.

परंतु त्यांची सहानुभूती कोठे आहे हेही पाहिले पाहिजे. ती कुणब्याकडे आहे. मागणाऱ्यांच्या रांगेने कुणबी नागवला जातो, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. तो खोटा नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने हिशेब मांडला तर काय दिसेल, हा प्रश्न ग्रंथ पुरेसा विचारीत नाही. गावची मेलेली गुरे ओढणारा, सरकारी कामाची वर्दी पोहोचवणारा, वेशीवर जागणारा माणूस सुगीत पेंढ्या नेतो, तेव्हा तो भीक मागत नसतो. केलेल्या कामाचा मोबदला नेत असतो, आणि तोही दुसरे काम निवडण्याची मुभा नसताना. ही वतने म्हणजे मिळकत नसून गुलामीची साखळी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे आग्रहाने मांडत राहिले. आत्रे यांना दावे दिसले, पण ते ओझे म्हणून दिसले. ग्रंथाची ही मर्यादा ध्यानात ठेवूनच त्यातील माहितीचा खजिना वापरावा, असे आम्ही सुचवू.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) वाचताना आपण त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जातो. शिंपी कुटुंबातील कौतिक विदर्भातील खेड्यात संसार उभा करू पाहते. नवऱ्याचा, महादेवाचा, आधार तोकडा. हाताला मिळेल त्या कामावर तिची भिस्त. जमीनदाराचा जुलूम आणि गरिबाचा आक्रोश असा ठोकळेबाज देखावा शेळके उभा करीत नाहीत. ते दाखवतात ते एवढेच, की ज्या घराकडे वावर नाही त्या घराला गावात प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी मर्जीने मिळवावी लागते. मजुरीची बोली, उधारीची चिमूट, शेजारणीचा शब्द, यांनाच तेथे मालमत्तेचे मोल असते. कौतिकची अब्रू आणि तिची जिद्द हीच तिची मिळकत. ती खर्ची पडत जाते आणि तिची नोंद कोठेच होत नाही. वऱ्हाडी बोलीचा उपयोग शेळके यांनी रंगतीसाठी केलेला नाही. त्या बोलीवाचून कौतिकचा हिशेब मांडताच आला नसता. आमच्या मते उताऱ्याबाहेरच्या माणसाला आतून पाहणारी मराठीतील ही अव्वल कादंबरी आहे.

‘बारोमास’ (२००२) ही सदानंद देशमुख यांची कादंबरी तर आमच्या अगदी शिवेवरची. लेखक याच जिल्ह्यातील अमडापूरचे. कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ तनपुरे हा उच्चशिक्षित तरुण शिक्षकाच्या नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे देऊ शकत नाही आणि शेतीत राहतो. धाकटा भाऊ मधू गुप्तधनाच्या नादी लागतो. शहरातून आलेली पत्नी अलका या संसारात रमत नाही. शेती करावी तर कर्ज, सोडावी तर जावे कोठे, ही कोंडी देशमुख यांनी ऋतुचक्राच्या गतीने, घाईगर्दी न करता, रंगवली आहे. मालक असणे म्हणजे सुखी असणे नव्हे, हे या कादंबरीने शहरी वाचकाला पटवले. मधूचा गुप्तधनाचा शोध हा तर आमच्या दृष्टीने कादंबरीचा मर्मभाग होय. ज्या मातीतून कष्टाने काही हाती लागत नाही, त्याच मातीत न कष्टता काही पुरलेले असेल, ही आशा वेडगळ खरी. पण ती कोणत्या निराशेतून उगवते ते लेखक ओळखतो.

तरीही आमची कसोटी लावता एक उणीव जाणवते. येथे जमीन पाहिली जाते ती बापाच्या आणि मुलाच्या डोळ्यांनी. अलकेचा त्रागा वाचकाला बहुधा शहरी मुलीचा हट्ट वाटतो, आणि कादंबरी त्या समजाला फारसा धक्का देत नाही. वस्तुतः अलकेने विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे: ज्या वावरासाठी मी माझे आयुष्य घालवावे असे म्हणता, त्या वावरावर माझे नाव कोठे आहे? शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत हाच प्रश्न मालकांपुढे ठेवला होता आणि अनेकांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली होती. ‘बारोमास’ त्यानंतरची, तरी तो प्रश्न तिच्या वेशीबाहेर राहिला. देशमुख यांच्यासारख्या समर्थ लेखकाकडून ही अपेक्षा ठेवणे हा त्यांचा गौरवच समजावा.

ही केवळ मराठी मनाची मर्यादा आहे असे मात्र नव्हे. इंडोनेशियातील जावा बेटावरील भातशेतीच्या खेड्यांविषयी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ साली लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला. माणसे वाढली, जमीन तेवढीच राहिली, तेव्हा जावाच्या शेतकऱ्यांनी दारिद्र्यच आपसांत वाटून घेतले, असा त्यांचा निष्कर्ष. कल्पना मनोहर होती. पुढे इतर अभ्यासकांनी दाखवून दिले, की हे वाटप समान नव्हते. ‘वाटून घेतलेले दारिद्र्य’ या शब्दांआड भूमिहीनांची मोठी संख्या झाकली गेली होती. तेथे भाताची कापणी गावातील बायका आनी-आनी नावाच्या लहानशा, बोटांत धरायच्या पात्याने एकेक लोंबी खुडून करीत आणि खुडलेल्याचा ठराविक वाटा घरी नेत. कापणीला येणाऱ्या बाईला सहसा परत पाठवायचे नाही, अशी रीत होती. १९७० च्या सुमारास नव्या बुटक्या जातींचे भात आले, तेव्हा अनेक ठिकाणी मालक उभे पीक व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी विळे घेतलेली आपली टोळी आणू लागला. उताऱ्यावर काहीही बदलले नाही. मालक तोच, बांध तेच. पण हजारो बायकांची मालमत्ता एका हंगामात गेली, आणि ती गेली असे कोणत्याही दप्तराने म्हटले नाही.

धाडच्या परिसरात हे वाचताना आम्हांला जावा दूर वाटत नाही. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोंगणी गुत्त्याने जाऊ लागली. मळणीयंत्र वावरातच आले, आणि आता ठिकठिकाणी हार्वेस्टरही फिरतो. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली गुरे कमी झाली. खळेच उरले नाही, तर खळ्यावर मागायला कोण आणि कोठे येणार? बलुत्याची लाचारी गेली हे फार चांगले झाले. पण लाचारीबरोबर सरव्याचा हक्कही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा हक्क आला नाही. गायरानाचीही तीच कथा. भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पूर्वी वहितीखाली आणलेली गायराने नियमानुकूल करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ साली घेतला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश देतानाही शासनाने भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद मान्य केले. एवढे असूनही गायरान कसणारा माणूस कादंबरीच्या मध्यभागी क्वचितच येतो.

सरव्याचा विषय निघाला म्हणजे पवित्र शास्त्रातील रूथची आठवण होणे अपरिहार्य आहे. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचते ती त्याच्या मेहेरबानीने, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. हे वाचन अपुरे आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेले कणीस परत गोळा करू नये, ते गरीब, परदेशी, विधवा व पोरके यांचे आहे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. बवाज मायाळू होता यात शंका नाही. पण रूथ वेचीत होती ते तिच्या हक्काचे होते. त्याच पुस्तकाच्या शेवटी नामीच्या कुटुंबाच्या जमिनीचा व्यवहार वेशीत, वडीलधाऱ्यांसमक्ष होतो, आणि त्या बैठकीत ना नामी बोलते ना रूथ. वावरावर जगणारी स्त्री आणि वावराचा निर्णय करणारे पुरुष, हे चित्र किती जुने आहे ते यावरून कळते.

आणि ते चित्र आपल्या घरांतूनही पुसले गेलेले नाही. हिंदू कुटुंबांत मुलीला जन्मतः सहहिस्सेदार मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली व देशाने २००५ साली. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा तर १९२५ चा. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा, असे तो जवळजवळ शंभर वर्षे सांगत आला आहे. तरी वाटणीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, साडीचोळी दिली जाते, आणि “ताई, माहेर तुटू देऊ नकोस” असे सांगितले जाते. बहीण सही करते. पुष्कळदा ती प्रेमानेही करते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या सहीवाचून माहेर टिकत नाही, ती सही मोकळ्या मनाची कशी म्हणावी? या एका सहीवर मराठीत उत्तम कादंबरी होऊ शकेल.

तेव्हा तीन पुस्तकांचा हिशेब असा मांडता येईल. आत्रे यांनी दावेदार मोजले, पण त्यांना ओझे मानले. शेळके यांनी दावा नसलेल्या स्त्रीला माणूस म्हणून उभे केले. देशमुख यांनी मालकाचे दुःख सांगितले, पण मालकाच्या घरातील बिननावाच्या भागीदाराला तिचा प्रश्न विचारू दिला नाही. तिन्ही पुस्तके संग्रही असावीत आणि एकापाठोपाठ एक वाचावीत, अशी आमची वाचकांना विनंती आहे. घरात वाटणीचा विषय निघालेला असेल तर अवश्य. वाचून झाल्यावर घरचा उतारा काढावा, त्यावरील नावे वाचावीत आणि त्या वावरात कोण कोण राबले ते घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. दोन याद्या जुळल्या नाहीत, तर सही मागण्यापूर्वी त्याविषयी घरात मोकळेपणी बोलावे.