ड्यूररने जुनं चित्र सुधारलं नाही

फलटणला घरी माळ्यावर माझं अकरावीचं फिजिक्सचं जर्नल सापडलं. चुकलेली रीडिंग्ज बघून फाडावंसं वाटलं. मग अल्ब्रेख्त ड्यूरर आठवला.

१४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याने आरशात बघून चांदीच्या टोकाने स्वतःचं चित्र काढलं. ही रेघ सहज खोडता येत नाही. चेहरा विलक्षण, पण एक हात अवघडलेला, दुसरा बाहीत दडलेला. बहुधा चित्र काढणारा हात स्वतःच मॉडेल होऊ शकत नाही म्हणून!

पुढे त्याने त्यावर फक्त नोंद केली: आरशातून काढलं, साल अमुक, तेव्हा मी लहान होतो. माझ्या मते त्या कागदावरची सर्वांत प्रौढ गोष्ट ही नोंदच.

तुम्हीही जुनं रीडिंग खोडू नका. शेजारी पद्धत आणि तारीख लिहा. मी आज तेच केलं.