‘श्वसन’ या संज्ञेची मर्यादा : रोगप्रतिकारक पेशींच्या मापनाच्या निमित्ताने

सिल्व्हासा येथे मराठी, गुजराती व हिंदी माध्यमांतून आलेले विद्यार्थी महाविद्यालयात एकाच वर्गात बसतात. जीवशास्त्राच्या तासाला ‘पेशी’ हा शब्द त्यांच्यापुढे तीन अर्थांनी येतो. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा मूलघटक. गुजराती पाठ्यपुस्तकात पेशी म्हणजे अशा घटकांचा समूह, अर्थात मराठीतील ऊती. हिंदीत मात्र पेशी म्हणजे स्नायू. मराठी पेशीला हिंदीत कोशिका, गुजरातीत कोष आणि उर्दूत खलिया म्हणतात. हा घोटाळा उघड असल्याने लवकर दुरुस्त होतो. ‘श्वसन’ या शब्दाचा घोटाळा मात्र सर्व भाषांत सारखाच असल्याने ध्यानात येत नाही. उर्दूतील ‘तनफ्फुस’चा पहिला अर्थही श्वासोच्छ्वास हाच आहे.

पेशीचे श्वसन म्हणजे तंतुकणिकांनी ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणे. ग्लुकोज-विघटन पेशीद्रव्यात होते व त्याला ऑक्सिजन लागत नाही. जंतूंशी गाठ पडताच अनेक रोगप्रतिकारक पेशी या दुसऱ्या मार्गावर अधिक भर देतात. म्हणून संवर्धित पेशींत दोन्हींचे मापन केले जाते. सीहॉर्स नावाचे यंत्र पेशींवरील द्रवात ऑक्सिजन किती वेगाने घटतो आणि आम्लता किती वेगाने वाढते, एवढेच मोजते. पहिल्या आकड्याला ‘श्वसन’ व दुसऱ्याला ‘ग्लुकोज-विघटन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. आक्षेप आहे तो या नामकरणाला.

इतिहासाचा दाखला बोलका आहे. जंतू गिळताना पांढऱ्या पेशी जादा ऑक्सिजन वापरतात, हे बाल्ड्रिज व जेरार्ड यांनी 1933 मध्ये नोंदवले आणि त्याला जादा श्वसन मानले. पुढे सिद्ध झाले की हा ऑक्सिजन तंतुकणिकांत जात नाही. पेशीपटलावरील एक विकर त्यापासून जंतुनाशक द्रव्ये तयार करते. तरीही इंग्रजीत त्याचे नाव आजतागायत ‘श्वसनाचा स्फोट’ असेच आहे. रोटेनोन व अँटिमायसिन यांनी तंतुकणिकांचे काम थांबवल्यावरही जो ऑक्सिजन खर्च होतो, तो वजा केल्याशिवाय पहिला आकडा श्वसनाचा ठरत नाही.

दुसऱ्या आकड्याचीही तीच गत आहे. ग्लुकोजपासून लॅक्टेट होताना आम्लता वाढते हे खरे. परंतु तंतुकणिकांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळूनही आम्लता वाढवतो. म्हणजे श्वसनाचा वाटा ग्लुकोज-विघटनाच्या खाती जमा होऊ शकतो. तो वेगळा काढला नाही, तर पेशीने मार्ग बदलला हा निष्कर्षच डळमळतो.

यंत्राचा दोष नाही; त्याने जे मोजले ते बरोबरच आहे. चूक वाचनाची आहे. म्हणून वर्गात ‘श्वसन’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी काय मोजले आणि काय अनुमानिले, ही दोन वाक्ये फळ्यावर स्वतंत्र लिहिणे अगत्याचे आहे. भाषा आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी मिळून करावे असे हे काम आहे.