गॉनरिलचे गाऱ्हाणे आणि शारदेचे मौन

'नटसम्राट'चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये मुंबईत झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. १९७४ साली वि. वा. शिरवाडकरांना या नाटकासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये नाना पाटेकरांना घेऊन महेश मांजरेकरांनी त्यावर चित्रपट काढला. इतका काळ लोटला, पण हे नाटक पाहण्याची आपली रीत काही बदलली नाही. डोळे पुसत बाहेर पडायचे आणि मुलासुनेला, लेकीजावयाला दूषणे द्यायची! ही रीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. कारण इथे बर्मिंगहॅममध्येही आपण घरात वागताना हे नाटक मनात घेऊनच वागत असतो.

शिरवाडकरांनी बीज घेतले ते शेक्सपियरच्या 'किंग लिअर'चे. शेक्सपियरचे स्ट्रॅटफर्ड आपल्या मूर स्ट्रीट स्टेशनवरून गाडीने तासाभराच्या अंतरावर. भारतातून आईवडील आले की आपण त्यांना तिथे हौसेने नेतो, त्याचे जन्मघर दाखवतो, फोटो काढतो. पण त्याच लेखकाने आईवडिलांच्या मुक्कामाविषयी काय लिहून ठेवले आहे, याची चर्चा मात्र घरी परतल्यावर होत नाही.

लिअर राज्य वाटून टाकतो, पण राजेपण स्वतःकडेच ठेवतो. शंभर सरदारांचा लवाजमा घेऊन एकेक महिना एकेका मुलीकडे राहायचे, अशी त्याची अट. थोरली गॉनरिल कुरकुर करते ती काय म्हणून? हे लोक दंगा करतात, घराची खाणावळ करून टाकतात. तिच्या पदरच्या माणसाने विदूषकाला हटकले म्हणून खुद्द वडील त्याच्यावर हात टाकतात. गॉनरिल पुढे दुष्टच ठरते, त्यात शंका नाही. परंतु तिचे पहिले गाऱ्हाणे खोटे नाही. पीटर ब्रुक या दिग्दर्शकाने १९६२ साली स्ट्रॅटफर्डलाच पॉल स्कोफिल्डला घेऊन जो 'लिअर' बसवला, त्यात त्याने हे सरदार खरोखरच धुडगूस घालताना दाखवले. त्यामुळे गॉनरिलची बाजू प्रेक्षकांना डोळ्यांनी पाहता आली.

आता बेलवलकरांकडे वळू. तेही सर्व काही मुलांना देऊन मोकळे होतात, पण रंगभूमीवरचे सम्राटपद खाली ठेवत नाहीत. मुलाच्या घरात त्यांचा आवाज, त्यांच्या लहरी, त्यांचाच दरबार. पत्नी कावेरी तेवढी सुरुवातीपासून सावध आहे. सून शारदा चिडते, फटकारते, पण तिच्या चिडण्यामागचा दिवस नाटककार आपल्याला दाखवत नाही. भाषेचे सगळे वैभव एकट्या अप्पांच्या वाट्याला आले आहे. पुढे लेकीच्या घरी अप्पांवर चोरीचा आळ येतो आणि तिथे मुलांची बाजू कायमची बुडते. तो आळ क्रूर आहे, त्याचे समर्थन कोणीच करणार नाही. माझी तक्रार एवढीच, की त्या क्रौर्याच्या उजेडात आपण आधीची प्रत्येक कुरकुरही क्रूरच मानून बसतो. शिरवाडकरांच्या प्रतिभेपुढे नतमस्तक होऊनही म्हणावेसे वाटते, की शारदेला त्यांनी एक स्वगत द्यायला हवे होते.

हे एकट्या 'नटसम्राट'चे नाही. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' घ्या, १९९८चा 'तू तिथे मी' घ्या किंवा २००३चा हिंदी 'बागबान' घ्या. वृद्ध एकाकी आणि मुले पाठमोरी. उलट बाजूला १९९१चा 'माहेरची साडी' आहे. तिथे घर सासूचे, म्हणून छळ सुनेचा. पण ज्या घराचे कर्ज मुलगा-सून फेडतात आणि जिथे आईवडील एकाच वेळी पाहुणेही असतात आणि वडीलधारेही, त्या घराचे नाटक मराठीत माझ्या पाहण्यात नाही.

आपली घरे नेमकी तशी आहेत. पाहुण्यांचा व्हिसा सहसा सहा महिन्यांचा, आणि जुलै २०१२ पासून आईवडिलांना कायमचे इथे आणण्याचे नियम फार कडक झाले. म्हणजे सारे नाते सहा महिन्यांत कोंबायचे. सून कामावरून येते तो ओट्यावरचे डबे जागचे हललेले. सासऱ्यांनी बँकेचे पत्र फोडून वाचलेले. दार न वाजवता कोणी झोपण्याच्या खोलीत आलेले. नातवाला आठला झोपवायचे म्हटले, की "आम्ही का मुले वाढवली नाहीत?" आणि दिवसभराचा वृत्तांत रात्री फोनवरून पुण्याला. यातले एकही वागणे दुष्टाव्याचे नाही. पण बोलायला तोंड उघडावे तर डोळ्यांपुढे बेलवलकर उभे राहतात आणि मुलगा गप्प बसतो. चार महिने गप्प बसतो आणि पाचव्या महिन्यात असे काही बोलून जातो, की विमानतळावरचा निरोपही कोरडा होतो.

आईवडिलांची बाजूही 'लिअर'मध्येच आहे. मुली सरदारांची संख्या शंभरावरून पन्नास, पन्नासावरून पंचवीस अशी उतरवत नेतात आणि शेवटी विचारतात, एक तरी कशाला हवा? ते सरदार म्हणजे म्हाताऱ्याच्या उरल्यासुरल्या मानाची खूण होती. नोव्हेंबरात इथे चारनंतर अंधार पडतो, बस कुठली घ्यायची ते ठाऊक नसते, शेजाऱ्याशी बोलायला भाषा नसते. अशा घरात आईला अधिकाराने उभे राहता येईल अशी जागा एकच, ती म्हणजे स्वयंपाकघर. डबे हलवणे हाच तिचा लवाजमा. तो एकेक करून काढून घेतला तर ती दुखावणारच. त्यापेक्षा ती येण्याआधीच कोणते कपाट, कोणती वेळ, नातवाचे कोणते काम तिच्या हाती द्यायचे आणि कोणते दार बंद राहील, हे मोकळेपणी ठरवावे. लिअरच्या घरात मोजणी आधी झाली नाही, नंतर झाली, आणि ती रागाने झाली.

मंडळाच्या नाट्यप्रेमींना एक सूचना करतो. येत्या हिवाळ्यात 'नटसम्राट'चा पहिला अंक आणि 'लिअर'मधला गॉनरिलचा प्रवेश एकाच संध्याकाळी वाचावा, आणि शारदेची भूमिका एखाद्या सासूबाईंना द्यावी. वाचनानंतरच्या चहाला आपापल्या घरी न निघणारा विषय तिथे निघेल, अशी माझी खात्री आहे.