दोन माता आणि एक मूल

दत्तकाची कल्पना आपणांस नवी नाहीं. परंतु आपलें जुनें दत्तकविधान मुख्यतः घराण्याचें नांव, पिंडदान व वारसा यांसाठीं होत असे. मूल कोणाचें व कोणास दिलें, हें सारा गांव जाणत असे. परदेशीं दत्तक जाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. तेथें दोन माता बहुधा एकमेकींस पाहत नाहींत. दोघींच्या मध्यें कागद आणि न्यायालय उभें असतें. अशा मुलाची हकीकत सांगणारें सरू ब्रायर्ली यांचें ‘अ लाँग वे होम’ हें आत्मकथन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, व त्यावरून गार्थ डेव्हिस यांनीं दिग्दर्शित केलेला ‘लायन’ हा चित्रपट २०१६ सालीं आला. दोन्ही कृती पुष्कळ गाजल्या. त्यांचें परीक्षण करतांना आम्ही एकच प्रश्न पुढें ठेवतों : जिचें मूल गेलें, त्या मातेला या कथेंत कोणतें स्थान मिळालें?

कथा थोडक्यांत अशी. खांडव्याच्या गणेश तलाई वस्तींतील पांच वर्षांचा मुलगा १९८६ सालीं थोरल्या भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्थानकावर आला. भुसावळहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाचकास हें स्थानक परिचितच आहे. तेथें भावाची वाट पाहतां पाहतां तो गाडींत चढला, झोपीं गेला, आणि कलकत्त्यास पोंचला. गांवाचें नांव तो बोबडें सांगे. तें कोणास उमगलें नाहीं. १९८७ सालीं तो टास्मानियांतील होबार्ट येथें दत्तक गेला, आणि पंचवीस वर्षांनीं संगणकावरील उपग्रहचित्रांत स्थानकाजवळची पाण्याची टांकी व पादचाऱ्यांचा पूल ओळखून २०१२ सालीं आईच्या दारीं आला.

शाकुंतलांत ओळख पटविणारी अंगठी आहे. येथें तिच्या जागीं पाण्याची टांकी आहे. या खुणेचा उपयोग दोन्ही कृतींनीं उत्तम केला आहे. मुलाच्या स्मृतींत नांवें मोडलीं, पण वाटा शाबूत राहिल्या, हें मानसशास्त्रीय सत्य त्यांत सहज उतरलें आहे. दत्तक घेणाऱ्या मातेचें चित्रणही आम्हांस प्रामाणिक वाटलें. मुलाच्या खोलींत भारताचा नकाशा लावणारी ही स्त्री त्याचा भूतकाळ पुसूं पाहत नाहीं. परदेशांतील दत्तक म्हणजे निव्वळ अपहरण, असें म्हणणाऱ्यांनीं हीं पानें अवश्य वाचावींत.

तथापि चित्रपटाचा तोल येथेंच ढळतो. जन्मदात्री आरंभीं दिसते आणि शेवटीं मिठींत दिसते; मधलीं पंचवीस वर्षें ती केवळ मुलाच्या आठवणींत वावरते. वर्तमानपत्रांत छायाचित्र देऊनही कोणी आलें नाहीं, एवढें सांगून कथा पुढें सरकते. येथें प्रेक्षकानें थबकावयास हवें होतें. कलकत्त्यांतील वर्तमानपत्र खांडव्यास दगडमाती वाहणाऱ्या स्त्रीच्या हातीं कसें पडावें? ‘कोणी मागणी केली नाहीं’ आणि ‘मागणी करणारीपर्यंत खबर पोंचली नाहीं’ हीं दोन विधानें एक नव्हेत. या मातेनें मूल दिलें नव्हतें. टाकलें तर मुळींच नव्हतें.

कायद्यास ही अडचण अज्ञात नव्हती. लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालींच असा निर्णय दिला कीं, मुलासाठीं आधीं देशांतच कुटुंब शोधावें, आणि परदेशीं पाठविण्याचें काम मान्यताप्राप्त संस्थांमार्फत व न्यायालयाच्या देखरेखीखालीं व्हावें. पुढें १९९३ चा हेग करार झाला व २००३ सालीं भारतानें त्यास मान्यता दिली. उत्तम नियम असूनही मूल आईपासून दुरावूं शकतें, कारण नियम ज्या भाषेंत लिहिला जातो ती भाषा हरवलेल्या मुलास येत नाहीं, त्याच्या आईसही येत नाहीं. एवढा गंभीर विषय हातीं असतां चित्रपटानें भाग्याच्या चमत्कारावर समाधान मानलें, हें त्याचें मोठें उणें होय.

पुस्तक या बाबतींत अधिक न्यायी आहे. तें भेटीपाशीं थांबत नाहीं. मुलगा परत येईल या आशेनें ती माता ती वस्ती सोडून दूर गेली नाहीं. दुसरा मुलगा त्याच सुमारास रेल्वेखालीं सांपडून गेला, तें दुःखही तिनें तेथेंच सोसलें. ही तिची बाजू पुस्तकांत येते. शिवाय भेटीच्या वेळीं मुलाला हिंदी येत नव्हतें. मायलेकांच्या मध्यें दुभाष्या बसवावा लागला. आमच्या मतें हें साऱ्या ग्रंथांतील सर्वांत करुण स्थळ आहे. भूक मिटली, शिक्षण मिळालें, दुसरें प्रेमळ घर मिळालें. परंतु आईशीं बोलण्याची भाषा या सौद्यांत गेली. लेखकानें याचा आक्रोश केला नाहीं, हा त्याचा संयम. पण वाचकानें तें नजरेआड करूं नये.

आमच्या परंपरेंत यशोदेचीं गाणीं शेंकडों आहेत, देवकीचीं थोडीं. यशोदेचें वात्सल्य खरेंच आहे; तें उणें करण्याचें कारण नाहीं. मात्र परदेशीं वाढलेल्या मुलांविषयीं यापुढें जें लिहिलें जाईल, त्यानें देवकीला केवळ आरंभीं आणि अखेरीस उभें करूं नये. ती मधल्या वर्षांतही जगत असते. ब्रायर्ली यांच्या पुस्तकांत त्या वर्षांचीं कांहीं पानें तरी आहेत, म्हणून ज्यांनीं केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांनीं तें वाचावें, अशी आमची शिफारस आहे.