नवरीच्या मुठीतला चेंडू

मागच्या लेखात संशोधन प्रश्न कसा बांधायचा ते पाहिलं. आज माझाच बांधलेला प्रश्न कसा सुटला ते सांगते. तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर कदाचित उपयोगी पडेल.

गाव घोडेगाव, तालुका नेवासा. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, शनिशिंगणापूरला जाणारे जिथून आत वळतात ते. एरवी ओळख जनावरांच्या बाजाराची आणि कांद्याची. तिथल्या एका लग्नाला मी वरपक्षाकडून गेले होते (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल). अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि नवरदेवाच्या मित्रांनी बोलावलेला जादूगार स्टेजवर चढला.

दोन लाल स्पंजचे चेंडू. एक त्याच्या मुठीत, एक नवरीच्या. "वहिनी, घट्ट धरा बरं, पळून जाईल." त्याची मूठ उघडली तर रिकामी, नवरीची उघडली तर दोन चेंडू. टाळ्या. परत मूठ मिटायला लावली. या वेळी बारके बारके सात-आठ चेंडू खाली सांडले आणि तो म्हणाला, "वहिनी, एवढ्यांची शाळेची फी कोण भरणार?" सगळा मांडव हसला. नवरीही हसली, खाली बघून.

आधी प्रयोगाबद्दल. हाताचं काम सफाईदार होतं, त्यात खोट काढता येणार नाही. स्पंजचा चेंडू जगभर चालतो, कारण जादू प्रेक्षकाच्या स्वतःच्या हातात घडते. पण इथे ती फक्त नवरीच्या हातात घडली, आणि विनोदही तिच्याच वाट्याला आला. नवरदेव शेजारी बसून मजा बघत होता. याच्या उलट 'अ‍ॅनिव्हर्सरी वॉल्ट्झ' नावाचा प्रयोग बघा. दोघं एकेका पत्त्यावर सही करतात आणि शेवटी दोन्ही सह्या एकाच पत्त्याच्या दोन बाजूंना सापडतात. थोडा गोडमिट्ट आहे, मान्य. पण त्यात दोघांवर सारखंच काम पडतं. मांडवात पत्ते काढले तर एखादे आजोबा भडकतील, ही अडचण वेगळी!

आता संशोधनाकडे. जादूचा अभ्यास म्हटलं की सेमिनारमध्ये कुणीतरी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढतंच. त्या कायद्याचा रोख दैवी शक्तीचा दावा करून फसवणाऱ्यांवर आहे, करमणुकीच्या जादूवर नाही. आपला विषय त्या पलीकडचा आहे आणि त्यावर गंभीर काम झालंय. मला सर्वात आवडतो तो गुस्ताव कुन आणि मायकेल लँड यांचा 2006 चा छोटासा शोधनिबंध. जादूगार चेंडू वर फेकतो, झेलतो, परत फेकतो. तिसऱ्यांदा नुसता फेकल्यासारखं करतो, चेंडू हातातच असतो. नजर वर नेली की 68 टक्के लोकांना चेंडू वर जाताना 'दिसतो'. नजर हातावर ठेवली की हे प्रमाण 32 टक्क्यांवर येतं. गंमत म्हणजे नसलेला चेंडू जिथे 'दिसला' असं लोक सांगत होते, तिथे त्यांचे डोळे गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळा काय करतो आणि माणूस काय सांगतो, या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, म्हणून निबंध भारी. एकदा वाचाच.

माझा प्रश्न मी यावरूनच बेतला होता: लग्नाच्या गोंगाटात प्रेक्षक किती फसतात? प्रश्नावलीत दोन रकाने, 'कळलं' आणि 'कळलं नाही'.

जेवणं झाल्यावर मी वही घेऊन नवरीकडे गेले. शेजारी तिच्या सासूबाई, मागे करवली. मुलाखत देणार का विचारलं. "हो, विचारा की." चेंडू कसा आला, काही कळलं का? "नाही बाई, छानच होतं." मी 'कळलं नाही'वर खूण केली.

माझ्या गाईडनी ती वही बघून एवढंच विचारलं, "हे उत्तर तिने कुणाला दिलं?"

दोन-अडीच महिन्यांनी ती माहेरी आली असताना पुन्हा भेटले. घरात आम्ही दोघीच. नाव न घालता लिहायची परवानगी तिनेच दिली आहे. ती म्हणाली, "अहो, मूठ मिटतानाच कळलं होतं दोन आहेत. मऊ लागत होते ना. पण सगळे बघत होते, त्यांचा खेळ कशाला मोडायचा?" आणि शाळेच्या फीचं? "ते नको होतं. माझे वडील समोर बसले होते."

म्हणजे माझ्या वहीत जी 'फसली' होती, तिनेच तो प्रयोग तोलून धरला होता. कुन-लँडच्या निबंधात हे बसत नाही. तो त्यांचा दोष नाही. तिथे माणूस एकटा व्हिडिओ बघतो. ओळखून गप्प बसायचं त्याला कारणच नसतं. चूक माझी, तिथला रकाना मी मांडवात आणला.

मग ग्रॅहम जोन्स यांचं 2011 चं 'ट्रेड ऑफ द ट्रिक्स' परत काढलं. जोन्स मानववंशशास्त्रज्ञ. पॅरिसच्या जादूगारांत राहिले, स्वतः जादू शिकले. गुपित कुणी कुणाला कधी सांगायचं यावर नाती कशी उभी राहतात, हे त्यात फार बारकाईने आलंय. पण पुस्तकाचा कल जादूगारांच्या आपापसातल्या व्यवहाराकडे आहे. प्रेक्षकसुद्धा गुपित राखतो, आणि कधी नाइलाजाने राखतो, यासाठी मला तिथून फार मिळालं नाही. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची रीत जास्त उपयोगी पडली. रुमालाखाली काहीतरी ठरतंय हे भोवतीच्या सगळ्यांना दिसत असतं, आणि रुमाल उचलायचा नाही हेही ठाऊक असतं. फरक एवढाच की तिथे दोन्ही हात आपल्या मर्जीने रुमालाखाली जातात.

नवरीची मर्जी कुणी विचारली? जादूगाराचा तो 'वहिनी' शब्द आता परत ऐका. मित्राच्या बायकोला वहिनी म्हणणारा माणूस नवरदेवाच्या बाजूने बोलतो, आणि लग्नाच्या दिवशी नव्या दिराला नाही म्हणणं किती अवघड! तो 'ताई' म्हणाला असता तर फीचा विनोद त्याच्याच तोंडातून निघाला नसता, असं मला वाटतं. आणि मी? वरपक्षाची पाहुणी. सासूबाईंसमोर वही उघडून उभी. त्याने मूठ मिटायला लावली, मी उत्तर द्यायला लावलं. संमतीपत्रावर तिची सही होती, इथिक्स कमिटीने हरकत घेतली नसती.

आता मुलाखत दोनदा घेते, आणि पहिली, म्हणजे कार्यालयातली, कुणासमोर घेतली त्यांची यादी वहीत लिहिते. प्रश्नही बदलला: कोण किती फसलं हे सोडलं, कळूनही कोण गप्प बसतं ते विचारते. नमुना यामुळे निम्म्यावर आलाय, कारण लग्नानंतर नवरीला माहेरी एकटीला गाठणं सोपं नाही. प्रगती अहवालात त्याचं कारण लिहायचं बाकी आहे.