धुके, अंतर आणि उसना पाइन

सह्याद्रीतल्या धुक्याची पावसाळी छायाचित्रे मी गेली काही वर्षे प्रदर्शनांत आणि दिनदर्शिकांवर पाहतो आहे. खाली गावाचे नाव नसेल, तर त्यांतली बरीचशी युरोपातली म्हणून खपून जातील. दोष तंत्रात नाही. धुके दिसले की मीटर फसतो, पांढऱ्याला राखाडी समजतो, म्हणून एक्स्पोजर साधारण एका स्टॉपने वाढवायचे, हे आता नवशिक्यालाही ठाऊक असते. प्रश्न रचनेचा आहे.

धुके म्हणजे ‘मूड’ असे आपण धरून चालतो. मला ते आधी अंतर मोजण्याचे साधन वाटते. हवेतले जलबिंदू झाडाकडून येणारा प्रकाश विखुरतात आणि त्यात स्वतःचा पांढरेपणा मिसळतात. त्यामुळे जवळचे खोड काळे, त्यामागचे करडे आणि त्याही पलीकडचे असून नसल्यासारखे होते. जपानी चित्रकार हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) याने केवळ एवढ्या भांडवलावर पाइन वृक्षांचे दोन सहापाखी पडदे रंगवले. आज ते टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. कागदावर फक्त शाई. पुढची झाडे गडद, खरखरीत फटकाऱ्यांची, मागची फिकट, आणि बराचसा कागद कोराच. त्या कोऱ्या जागेला खोली मिळते ती पुढच्या गडद झाडांमुळे. ती झाकून पाहा, उरलेले सपाट वाटू लागते. आपल्याकडच्या अनेक छायाचित्रांत नेमके हे जवळचे काळे झाड नसते. सगळे सारखेच फिकट. मग ती उणीव भरायला लाल रेनकोट घातलेला माणूस रस्त्यावर उभा केला जातो. (हा माणूस मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की आता त्याची ओळख निघावी!)

पण तोहाकुची झाडे त्याच्या प्रदेशाची होती. आपण मात्र सरळसोट, समांतर खोडांचा सांगाडा उचलला आणि त्यात बसणारे जंगल शोधत निघालो. ते पाचगणीकडे सापडले, सिल्व्हर ओकच्या रांगांत. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे, इथे लावलेले. त्या रांगांचे छायाचित्र ‘सह्याद्रीचे अरण्य’ म्हणून छापले जाते, तेव्हा चूक केवळ मथळ्याची राहत नाही. जंगल कसे दिसते याची वाचकाची कल्पनाच बदलते, आणि खरे जंगल त्याला झुडपांचा गुंता वाटू लागतो.

महाबळेश्वरचे खरे जंगल जांभूळ, अंजनी, हिरड्याचे. वारा आणि जांभ्यावरची उथळ माती यांमुळे झाडे बुटकी राहतात. खोडे वाकडी, खालूनच फुटलेली. फांद्यांवर शेवाळ, नेचे, आमरी. एरवी कॅमेऱ्यासमोर हा सगळा एकाच रंगछटेचा गोंधळ असतो. पुढची फांदी कुठे संपते आणि मागची कुठे सुरू होते, कळत नाही. धुके आले की ती एकमेकींपासून सुटतात. पाइनच्या वनात धुके शोभा वाढवते. अंजनीच्या वनात ते वाचता येण्याजोगी लिपी देते. म्हणून धुक्याची गरज आपल्या जंगलाला अधिक आहे, असे मी म्हणेन. नंतर संगणकावर कॉन्ट्रास्ट ओढून धुके ‘साफ’ करणारे हीच लिपी पुसून टाकतात.

यातून रचनाही वेगळी निघते. इथे उभ्या रेघांची लय शोधण्यात अर्थ नाही. पावसाने भिजून काळी झालेली एक वाकडी फांदी अगदी पुढे, चौकटीच्या एका कडेपासून आत येणारी, आणि तिच्यामागे फिकट होत जाणारे तीन-चार थर, एवढे पुरे. हे थर फार दूर नसतात. पहिल्या फांदीपासून शेवटच्या फांदीपर्यंत मोजले तर कधी कधी वीस-पंचवीस फूट भरतील. एवढ्याशा अंतरात छटा बदलायची, तर धुके दाटच हवे. सिल्व्हर ओकपाशी उभा असलेला छायाचित्रकार ‘आता काहीच दिसत नाही’ म्हणत कॅमेरा पिशवीत घालतो, साधारण त्याच वेळी अंजनीखाली काम सुरू करता येते.