‘सामना’: पाहुण्याचा प्रश्न

आडबाजूच्या गावी एक अनोळखी माणूस येतो आणि गावाने पुरून टाकलेले नाव उच्चारतो. जॉन स्टर्जेस यांच्या ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ (१९५५) या अमेरिकन चित्रपटात ते नाव कोमोको या जपानी शेतकऱ्याचे आहे. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’मध्ये (१९७५) मारुती कांबळे या जवानाचे. दोघांचेही खून झालेले; गाव गप्प.

मला ‘सामना’ अधिक खोल वाटतो. स्पेन्सर ट्रेसीचा पाहुणा एका हाताने अधू, पण चारित्र्याने निष्कलंक. त्या एका हाताने तो गुंडाला लोळवतो, प्रेक्षक सुखावतो आणि प्रश्नाची धार तेथेच बोथट होते. कोमोको तर पडद्यावर दिसतही नाही. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर मात्र दारूने पोखरलेला, जुन्या ध्येयवादाची राख उरलेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाचेच अन्न खाऊन, त्याचीच दारू पिऊन तो मारुती कांबळेविषयी विचारीत राहतो. निळू फुले यांचा हिंदुराव या फाटक्या माणसाला हळूहळू भिऊ लागतो, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या बुलढाण्याकडे एसटीतून नवखा उतरला की पारावरून विचारणा होते, “कोणाकडचे पाहुणे?” येथे पाहुणाच गावाची झडती घेतो.

काइनाला हाबेलविषयी विचारणारा साक्षात परमेश्वर होता. येथे विचारणारा पापी आहे, आणि म्हणूनच मी अस्वस्थ झालो. पापनिवेदनातील गुप्तता मला बंधनकारक आहे. गावातील गप्पपणा नाही. तरीही लग्नाच्या पंगतीत मातब्बरांशेजारी बसून अशी काही नावे मीही घासाबरोबर गिळली आहेत.